एक चीज, अनेक गळे

ग्वाल्हेर घराण्याच्या रसिकांची चर्चा बहुतेक वेळा एखाद्या चिजेवरून सुरू होते. राग यमन किंवा हमीर, ताल तिलवाडा, शब्द सगळ्यांना पाठ. तरी कोणी ती कशी भरली, यावर मतभेद होतात. या गायकीत अनवट रागांपेक्षा भूप, बिहाग, गौडसारंग अशा प्रचलित रागांवर भर असतो. ऐकणाऱ्याला राग ओळखण्यात वेळ घालवावा लागत नाही, त्याचे सगळे लक्ष मांडणीकडे जाते.

मांडणीचा क्रमही ठरलेला आहे. अस्ताई आणि अंतरा आधी पूर्ण गायचा, मग बंदिशीच्या अंगानेच आलाप, बोलआलाप, बोलतान आणि तान. आवाज खुला, आकार मोकळा, लय फार संथ नाही, तान सरळ आणि सपाट. वरवर सोपे वाटणारे हे गाणे निभावणे अवघड असते, कारण त्यात काही झाकता येत नाही.

शिंदे दरबारातील हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंनी एकोणिसाव्या शतकात या गायकीला घडवले. बडे महंमद खाँ यांची तान त्यांनी पडद्याआडून ऐकून उचलली, अशी आख्यायिका आहे. पुढे मराठी शिष्यांनी ही विद्या दूरवर नेली. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि त्यांच्यामुळे ती महाराष्ट्रात रुजली. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ग्वाल्हेरातच राहिलेली शाखा शंकर पंडितांची. घराण्याचे उस्ताद निसार हुसेन खाँ त्यांच्या घरीच राहत आणि शिकवत.

शंकर पंडितांचे पुत्र कृष्णराव (१८९३–१९८९) यांच्या गाण्यात लयकारी, गमक आणि बोलतानांचा जोर होता. त्यांच्याच तालमीत तयार झालेले शरच्चंद्र आरोलकर मात्र शांत, अंतर्मुख गात. गुरू आणि शिष्य यांच्यात इतके अंतर असावे, हीच या घराण्याची श्रीमंती. पलुस्करांच्या परंपरेतही तेच दिसते: ओंकारनाथ ठाकुरांनी भावनाट्याकडे झेप घेतली, तर विष्णु दिगंबरांचे पुत्र द. वि. पलुस्कर स्वच्छ, नेटक्या मांडणीसाठी लोकप्रिय झाले. मालिनी राजूरकरांचा टप्पा ऐकला की या घराण्यातील चपळाईचे दुसरेच रूप समोर येते.

कोणी कसे गायले, हा वाद पाश्चात्त्य प्रोग्रेसिव्ह मेटलच्या चाहत्यांतही चालतो. अमेरिकेच्या ड्रीम थिएटर या बँडचा पहिला अल्बम १९८९ मध्ये चार्ली डॉमिनिची यांनी गायला, १९९२ च्या दुसऱ्यापासून जेम्स लाब्री गायक झाले. तिथे रचना बहुतांशी पक्की असते आणि गळा बदलतो. ग्वाल्हेरच्या मैफलीत गळ्याबरोबर रचनेचा विस्तारही नवा होतो.

म्हणूनच जुनी ध्वनिमुद्रणे मोलाची आहेत. हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडला वारले. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत त्यांचा आवाज उरला आहे. तेवढ्या वेळात विस्तार मावत नाही, तरी सुराचा लगाव कळतो. बंदिशींचे शब्द आणि स्वर टिकवण्याचे काम शिक्षणसंस्थांनी केले: संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि राजाभैया पूंछवाले यांनी तिथे अनेक पिढ्यांना शिकवले. लिखित स्वरलिपीत चिजेचा आराखडा मिळतो. समेवर येण्याची खुबी आणि दोन स्वरांमधली मींड मात्र आजही गुरूसमोर बसूनच घ्यावी लागते.