विश्लेषण : नीट-जेईईच्या अभ्यासासाठी टॅब घेताय? वेग बघायचा की बॅटरी?

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातील हजारो विद्यार्थी अकरावी विज्ञानासाठी लातूर आणि नांदेडची वाट धरतात. कॉलेजचा प्रवेश, ट्युशनची फी, खोलीचे भाडे आणि मेस या खर्चाच्या यादीत आता टॅबचीही भर पडली आहे. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, पीडीएफ नोट्स आणि ऑनलाइन टेस्ट सिरीज यांसाठी तो दोन वर्षे रोज काही तास वापरला जातो. दुकानात मात्र दोनच गोष्टी ठळकपणे सांगितल्या जातात : प्रोसेसर किती वेगवान आणि बॅटरी किती ‘एमएएच’ची. या दोन आकड्यांवरून निवड केली, तर पैसे जाऊनही बारावीच्या ऐन परीक्षेच्या काळात टॅब साथ सोडू शकतो.

वेग वाढला की बॅटरी लवकर का संपते?

प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर त्याला मिळणारे व्होल्टेजही वाढवावे लागते. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतोच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो. समजा, वेग २० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावे लागले, तर विजेचा खर्च सुमारे ४५ टक्के वाढतो. म्हणजे शेवटचा थोडासा वेग सर्वात महाग पडतो.

पण वेगवान चिप म्हणजे बॅटरी खाणारी चिप, असे सरसकट म्हणता येत नाही. चिप कोणत्या तंत्राने तयार झाली, यावर बरेच अवलंबून असते. क्वालकॉमची ‘स्नॅपड्रॅगन ८ जेन १’ २०२१च्या अखेरीस आली. ती सॅमसंगच्या कारखान्यात बनत होती. मे २०२२मध्ये ‘८ प्लस जेन १’ आली, ती तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यातून. रचना जवळपास तीच, पण वेग थोडा वाढूनही वीज सुमारे ३० टक्के कमी लागते, असा कंपनीचा दावा होता. त्यामुळे चिपचे नाव बघताना ती किती नॅनोमीटरची आहे, हेही विचारावे. साधारणपणे १२ नॅनोमीटरच्या जुन्या चिपपेक्षा ६ किंवा ४ नॅनोमीटरची चिप तेच काम कमी विजेत करते.

मग सर्वात स्वस्त टॅब घेतला तर?

याचे उत्तर राज्याने २०२१मध्ये पाहिले आहे. अंगणवाडी सेविकांना नोंदी ठेवण्यासाठी सरकारने २०१९मध्ये स्मार्टफोन दिले होते. त्यांची रॅम होती २ जीबी. दोन वर्षांनी ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले आणि फोन अडकू लागले, तापू लागले. दुरुस्तीचा खर्च अंगावर येत असल्याची सेविकांची तक्रार होती. अखेर ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे फोन परत करण्याचे आंदोलन केले.

या प्रकरणातून विद्यार्थ्यांनी घ्यायचा धडा असा की, यंत्र आजच्या ॲपसाठी नव्हे, तर दोन वर्षांनंतरच्या ॲपसाठी घ्यावे लागते. रॅम कमी पडली की ॲप पुन्हा पुन्हा नव्याने उघडावे लागते, त्यात वेळही जातो आणि वीजही. अर्धी टेस्ट सोडवून झाल्यावर स्क्रीन गोठली, तर मोठी बॅटरी असून उपयोग नाही. आज अभ्यासासाठी टॅब घेताना ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोअरेज हा किमान उंबरठा मानायला हरकत नाही. स्टोअरेज ‘यूएफएस’ प्रकारचे असेल तर उत्तम. स्वस्त टॅबमध्ये असणारे ‘ईएमएमसी’ तुलनेने संथ असते.

उंबरठ्याच्या वर आणखी वेग घेऊन फायदा काय?

गेम खेळणाऱ्याला किंवा व्हिडिओ एडिट करणाऱ्याला फायदा आहे. वेगवान चिप काम लवकर उरकते आणि मग शांत बसते, त्यामुळे काही कामांत तिने वीजही वाचते. पण एका तासाचे लेक्चर बघायला एक तासच लागतो. चिप कितीही वेगवान असली तरी ते वीस मिनिटांत संपत नाही. त्या तासभरात स्क्रीन चालू असते आणि सर्वाधिक वीज बहुतेक वेळा तीच घेते. अभ्यासाच्या टॅबमध्ये उंबरठ्यापुढचा वेग बहुतांश वेळ नुसता पडून राहतो, त्याचे पैसे मात्र आधीच मोजलेले असतात.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र एक गोष्ट तपासावी. व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र सर्किट असते. यूट्यूब आता ‘एव्ही१’ या नव्या पद्धतीचाही वापर करते. चिपमध्ये त्यासाठी सोय नसेल, तर तो भार मुख्य प्रोसेसरवर पडू शकतो आणि बॅटरी विनाकारण उतरते.

‘एमएएच’वर विश्वास किती ठेवावा?

एमएएच हा टाकीचा आकार झाला. टाकी किती वेळ पुरेल, हे नळ किती उघडा आहे यावर ठरते. ८,००० एमएएचची, ३.८५ व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे ३१ वॅट-तास ऊर्जा. टॅब लेक्चर दाखवताना साडेतीन वॅट घेत असेल, तर ही बॅटरी जवळपास नऊ तास चालेल. तोच टॅब गेममध्ये आठ वॅट घेऊ लागला, तर चार तासही चालणार नाही. म्हणून मोठी बॅटरी पण जुनी चिप असलेल्या टॅबपेक्षा, थोडी लहान बॅटरी आणि काटकसरी चिप असलेला टॅब जास्त तास चालू शकतो.

तास मोजण्याची एक अधिकृत पद्धतही आता आहे. युरोपीय महासंघात २० जून २०२५पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोन आणि टॅबवर ऊर्जा लेबल बंधनकारक झाले आहे. एका चार्जमध्ये यंत्र किती तास चालते आणि बॅटरी किती वेळा चार्ज होऊ शकते, हे त्यावर छापलेले असते. ८०० वेळा चार्ज केल्यानंतरही बॅटरीची क्षमता किमान ८० टक्के राहिली पाहिजे, अशीही तेथे अट आहे. ही माहिती ‘ईप्रेल’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. भारतात विकले जाणारे मॉडेल तेच आहे का, याची खात्री करून त्यातील आकड्यांची तुलना करता येईल.

उन्हाचा आणि रोजच्या वापराचा काय परिणाम होतो?

लातूर-नांदेडला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. आयफोन-आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरावेत, असे ॲपल सांगते. म्हणजे नीटच्या आधीचे शेवटचे आठवडे बॅटरीसाठी सर्वात कठीण. चिप तापली की टॅब स्वतःहून वेग कमी करतो, त्यामुळे वेगासाठी मोजलेले पैसे नेमके उन्हाळ्यात वाया जातात. उष्णतेने लिथियम बॅटरीची क्षमता कायमची घटते, ते नुकसान भरून येत नाही. पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवून, चार्जिंगला लावून लेक्चर बघणे ही बॅटरी लवकर थकवण्याची हमखास रीत आहे.

साध्या सवयींनी बराच फरक पडतो. ब्राइटनेस निम्म्यावर ठेवावा आणि १२० हर्ट्झऐवजी ६० हर्ट्झ निवडावे. मोबाइलची रेंज कमी असलेल्या गावात डेटावर व्हिडिओ बघताना बॅटरी झपाट्याने उतरते. सुटीला गावी जाण्याआधी लेक्चर वाय-फायवर डाउनलोड करून घ्यावे. टॅब रात्रभर १०० टक्क्यांवर ठेवण्याऐवजी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती चालू करावी.

दुकानात काय विचारावे?

वजिराबादेत जा किंवा गंजगोलाईत, दुकानदाराला हे प्रश्न विचारून बघावेत :

• रॅम खरी किती आणि ‘व्हर्च्युअल’ किती? स्टोअरेजमधून उसनी घेतलेली रॅम हिशेबात धरू नये.

• चिप किती नॅनोमीटरची आहे आणि कोणत्या वर्षी आली?

• बॅटरी किती वॅट-तासांची आहे? व्हिडिओ चालवून किती तास मिळतात? याचे उत्तर दुकानदाराच्या तोंडून नव्हे, स्वतंत्र चाचण्यांतून मिळवावे.

• सुरक्षा अपडेट किमान तीन वर्षे मिळणार का?

• कंपनीचे सर्व्हिस सेंटर लातूर किंवा नांदेडमध्येच आहे का? बॅटरी बदलायला किती पैसे लागतील?

खरेदीआधी सरकारी योजनाही पाहावी. नागपूरची ‘महाज्योती’ संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील निवड झालेल्या विद्यार्थ्यांना नीट, जेईई आणि एमएचटी-सीईटीच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी मोफत टॅब व इंटरनेट डेटा देते. अर्जाची मुदत ठरलेली असते, त्यामुळे निकाल लागताच संस्थेचे संकेतस्थळ तपासावे.

टॅब विकत घ्यावाच लागला, तर क्रम असा ठेवावा : आधी रॅम-स्टोअरेजचा उंबरठा, मग बॅटरीचे तास आणि पैसे उरले तरच जास्तीचा वेग. दोन वर्षांच्या रोजच्या चार्जिंगनंतर बॅटरीची क्षमता २० टक्क्यांनी घटली, तर आज नऊ तास चालणारा टॅब बारावीच्या शेवटी सात तासांवर येतो. आज सहा तास चालणारा टॅब पाच तासांखाली घसरतो आणि गावाकडे भारनियमनात दिवसभर लाइट नसेल, तर दुपारीच बंद पडतो.