मद्यासक्ती, यकृद्विकार आणि व्यक्तिमत्त्वविकृतीचे निदान

मद्यासक्त यकृद्रुग्णाचा चिडखोरपणा वा बेपर्वाई पाहून त्यास व्यक्तिमत्त्वविकृती आहे असे म्हणणे कितपत युक्त ठरेल? व्यक्तिमत्त्वविकृती ही पौगंडावस्थेपासून किंवा तरुणपणापासून दिसणारी चिरस्थायी वर्तनरीती होय. उलटपक्षी, यकृत निकामी झाल्यास अमोनियादी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचून स्वभाव पालटतो. शीला शेरलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. १९६६ मध्ये पुढे आलेल्या लॅक्ट्युलोज-उपचाराने हा पालट पुष्कळदा ओसरतो. म्हणून रुग्णाचे मद्यपानापूर्वीचे वर्तन आप्तांकडून जाणून घेतल्याविना, व मद्यमुक्त अवस्थेत पुन्हा तपासणी केल्याविना हे निदान करू नये. यकृत-प्रतिरोपणाचा निर्णय मनोसामाजिक मूल्यमापनावरही अवलंबून असतो. तेथे घाईने लावलेली संज्ञा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.