आवाजाला वाट दाखवावी लागते

आपल्या बेटावर अजूनही काही वृद्ध मंडळींना जुनी झाकरी-गीते तोंडपाठ आहेत. ती संगणकावर साठवून ठेवण्याची इच्छा पुष्कळांना असते. परंतु केवळ मायक्रोफोन लावला म्हणजे काम झाले असे नाही. आवाज कोणत्या वाटेने आत जातो आणि कोणत्या वाटेने बाहेर येतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

ही विद्या अमेरिकेत वाढली. लेस पॉल या गिटारवादकाच्या न्यू जर्सीतील घरी १९५७ साली अँपेक्स कंपनीचे आठ ट्रॅकचे यंत्र आले. एकाच फितीवर आठ आवाज वेगवेगळे नोंदता येऊ लागले. पुढे कॅलिफोर्नियात पीटर गॉचर व इव्हान ब्रूक्स यांच्या डिजिडिझाइन कंपनीने १९९१ साली 'प्रो टूल्स' बाजारात आणले. आरंभी त्यात चारच ट्रॅक होते. २००५ साली जस्टिन फ्रँकेल यांचे 'रीपर' आले. त्यात कोणताही ट्रॅक दुसऱ्या कोणत्याही ट्रॅककडे वळवता येतो.

शेतात पाणी पाटाने फिरवतात, तसाच हा प्रकार आहे. मायक्रोफोनचा आवाज प्रथम ध्वनिपेटीत येतो. तिथून तो 'इनपुट' या दारातून ट्रॅकमध्ये शिरतो. अनेक ट्रॅक एकत्र येऊन मिळतात त्या मोठ्या पाटाला 'बस' म्हणतात. सर्वांत शेवटी 'मास्टर' येतो, आणि त्यातून आवाज स्पीकरला पोचतो.

समजा, आजी गात आहेत आणि नातू ढोलकी वाजवीत आहे. आजींचा मायक्रोफोन पहिल्या दारात व ढोलकीचा दुसऱ्या दारात लावावा. मग पहिल्या ट्रॅकला पहिले इनपुट आणि दुसऱ्या ट्रॅकला दुसरे इनपुट निवडावे. दोन्ही ट्रॅकना पहिलेच इनपुट दिले, तर दोन्हींवर आजींचाच मायक्रोफोन नोंदला जाईल आणि ढोलकीचा मायक्रोफोन कोरडा राहील. दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर घेतले, तर ढोलकी मोठी झाली म्हणून ती एकटी कमी करता येणार नाही. आजच्या नव्या साधनांनी असे आवाज वेगळे काढता येतात खरे, पण ते पूर्ण स्वच्छ निघतीलच असे नाही.

आवाज घुमवायचा असेल, तर त्यासाठी वेगळा ट्रॅक करावा आणि गाण्याचा थोडा भाग 'सेंड'ने तिकडे पाठवावा. मूळ गाणे कोरेच राहते, व घुमारा पुढे केव्हाही काढून टाकता येतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ट्रॅकची दांडी खाली ओढली तरी नोंदणी मंद होत नाही. ती ध्वनिपेटीवरील बटणानेच ठरते. मापकाचा काटा शून्याला भिडला, तर आवाज फाटतो आणि तो नंतर नीट होत नाही. म्हणून सर्वांत मोठा स्वरही उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावा. दुसरे म्हणजे, मुद्रण चालू असता स्पीकर बंद ठेवून हेडफोन वापरावा. नाहीतर स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, फेऱ्या मारतो आणि कर्कश शीळ उठते.

हे सर्व शिकायला एक दुपार पुरे. मात्र ती दुपार आजींना बसवण्यापूर्वीची असावी. मुलांनी आधी आपलेच आवाज नोंदून पाहावेत, प्रत्येक वाट तपासावी, आणि मगच वडीलधाऱ्यांना बोलवावे. थकलेल्या गळ्याला तेच गाणे पुन्हा गायला सांगणे बरे नव्हे. आणि दरवेळी ते पुन्हा गाता येईलच, असेही नाही.