हरभऱ्याची आंब आणि प्रयोगशाळेतलं आम्ल

हिवाळ्याच्या पहाटे लातूर-नांदेडकडच्या हरभऱ्यातून चाललं, की पोटऱ्या चुरचुरतात. झाडावरच्या बारीक लवेच्या टोकांशी आंबट रस साठलेला असतो. आपल्याकडे त्याला आंब म्हणतात. जुनी माणसं रात्री पिकावर स्वच्छ फडकं अंथरत, पहाटे ते दवासकट पिळून ठेवत आणि पोट दुखलं की त्यातले थोडे थेंब देत. आयुर्वेदात याचं नाव चणकाम्ल.

रसायनशास्त्रातला ‘आम्ल’ हा शब्दही असाच जिभेवरून आला. संस्कृतात सहा रसांपैकी आंबट रस तो अम्ल. ‘अ‍ॅसिड’चं लॅटिन मूळ ‘अ‍ॅसिडस’, अर्थ तोच. मराठवाड्याला तिसराही शब्द ओळखीचा आहे : तेजाब, म्हणजे फारसीत तीक्ष्ण पाणी. तो इथे उर्दूतून रुळला : मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९१८ मध्ये स्थापन झालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवत होतं.

जिभेची ही कसोटी शास्त्राला मात्र पुरली नाही. आम्लाचा गुण एका विशिष्ट वायूतून येतो, असं अठराव्या शतकात लाव्हाझिएला वाटलं. म्हणून ‘आंबट, तीक्ष्ण’ अशा अर्थाच्या ग्रीक ‘ऑक्सिस’वरून त्याने त्या वायूला ऑक्सिजन, म्हणजे आम्लजनक, असं नाव दिलं. १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने दाखवलं, की मिठापासून मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. समजूत गेली, नाव राहिलं. पुढे अर्‍हेनियसने पाण्यात हायड्रोजनचे आयन सोडणाऱ्या पदार्थाला आम्ल म्हटलं आणि १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड व लाउरी यांनी, वेगवेगळं काम करत, प्रोटॉन देणारा तो आम्ल अशी व्याख्या केली. चवीचा उल्लेख आता व्याख्येत कुठेच उरला नाही.

आंबेत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन आम्लं असतात. मॅलिक आम्ल शील या स्वीडिश रसायनज्ञाने १७८५ मध्ये सफरचंदाच्या रसातून वेगळं केलं; लॅटिनमध्ये सफरचंद म्हणजे ‘मालुम’. ऑक्झॅलिकचं नाव ‘ऑक्झॅलिस’ या वनस्पतीवरून पडलं. ही आपल्या बांधावरची आंबुशी! तिच्या नावातही तोच ‘ऑक्सिस’ आहे. ग्रीकांनी आणि आपण तिला एकाच चवीवरून ओळखलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

झाड हा रस उगाच गाळत नाही. पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या कृषी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खाद्यात ऑक्झॅलिक आम्ल मिसळल्यावर घाटेअळीची वाढ खुंटली; मॅलिक आम्लाने तसा परिणाम दिसला नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांना एक विनंती. हरभरा फुलोऱ्यात असताना मुलांना निळ्या लिटमसच्या पट्ट्या घेऊन शेतावर न्या. आंबेने पट्टी लाल होते. मात्र फवारणी झालेल्या पिकाला मुलांना हात लावू देऊ नका आणि त्याची आंब कुणी औषध म्हणूनही घेऊ नये.