तऱ्हाळा नाणेसंचय

वाशिम जिल्ह्यातील तऱ्हाळा (तालुका मंगरूळपीर) येथे १९३९ मध्ये सापडलेला सातवाहन नाण्यांचा संचय. यातील नाणी सुमारे १,६०० असून ती पोटिनची, म्हणजे तांबे, शिसे व कथिल यांच्या मिश्रधातूची आहेत. शोधाच्या वेळी हे गाव वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात होते; वाशिम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी संचयाचा अभ्यास करून त्याची माहिती १९४० मध्ये प्रसिद्ध केली. विदर्भावरील सातवाहनांच्या सत्तेचा आणि त्या वंशातील उत्तरकालीन राजांचा हा एक प्रमुख पुरावा होय.

अलीकडच्या काळातील नाणे ओळखणे तुलनेने सुलभ असते. व्हिक्टोरियाकालीन ब्रिटिश पेनीवर किंवा ब्रिटिश हिंदुस्थानातील पाव आण्यावर राणीचा मुखवटा, नाव व वर्ष ही तिन्ही असतात. बिरुदावरूनही काळ कळतो. उदा., हिंदुस्थानातील नाण्यांवर व्हिक्टोरियाच्या नावासोबत १८७६ पर्यंत ‘क्वीन’ व १८७७ पासून ‘एम्प्रेस’ ही अक्षरे आढळतात. ब्रिटिश लष्करी पदकांच्या कडेवर तर पुष्कळदा सैनिकाचे नाव व पलटणही कोरलेली असते. असे एकटे नाणे किंवा पदक स्वतःची ओळख स्वतःच देते.

सातवाहनांच्या पोटिन नाण्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांवर वर्ष नसते. दर्शनी बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व त्याभोवती ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आणि मागील बाजूस एकमेकांस छेदणाऱ्या दोन रेषांच्या चार टोकांवर चार वर्तुळे असलेले ‘उज्जयिनी चिन्ह’ असते. ठशापेक्षा नाणे पुष्कळदा लहान असल्याने संपूर्ण लेख त्यावर उमटत नाही. अनेक राजांच्या नावांचा शेवट ‘सातकणिस’ (सातकर्णीचे) असाच होत असल्याने, तेवढीच अक्षरे उमटलेल्या नाण्यावरून राजा निश्चित करता येत नाही. मात्र एकाच राजाची अनेक नाणी शेजारी ठेवली, की एकावर लेखाचा आरंभ, दुसऱ्यावर मध्य व तिसऱ्यावर शेवट मिळतो आणि तुकडे जुळवून पूर्ण नाव वाचता येते. तऱ्हाळ्याच्या संचयाचे महत्त्व अशा रीतीने त्याच्या संख्येत व एकत्रितपणात आहे.

या संचयात पुलुमावी, यज्ञ सातकर्णी इ. ज्ञात राजांबरोबर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी व शक सातकर्णी ही पुराणांच्या वंशावळींत न आढळणारी नावे मिळाली. या राजांचा अनुक्रम व राज्यप्रदेश यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि पुराणांतील यादी अपुरी असल्याचे या नाण्यांनी दाखवून दिले. संचय पुरला जाण्याचा काळही अशाच रीतीने ठरवितात. त्यातील सर्वांत उत्तरकालीन नाणे ही त्या काळाची अलीकडची मर्यादा नसून आरंभीची मर्यादा असते. त्यापूर्वी तो पुरला जाणे शक्य नाही.

संचयातील नाण्यांच्या प्रमाणासही अर्थ असतो. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला होता. दहा-वीस नाण्यांवरून या सत्तांतराची व्याप्ती कळली नसती.

म्हणून जमिनीत नाणी आढळल्यास ती वाटून घेणे, वितळविणे वा किरकोळ विकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याने दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक केले. नाणी चिंच, राख किंवा आम्ल लावून घासू नयेत. गंजाबरोबर झिजलेली अक्षरेही जातात. सापडल्याचे ठिकाण, खोली, भांडे व एकूण संख्या यांची नोंद ठेवावी. अस्पष्ट म्हणून टाकून दिलेल्या नाण्यावरच एखाद्या राजाच्या नावाचे उणे अक्षर असू शकते.