सागाची फळी आणि कोरडी हवा

वसई-विरार परिसरात पावसाळा स्थिरावला की लाकडी दारे चौकटीत अडकू लागतात. सुतार कडेवर रंधा मारून देतो आणि दिवाळीनंतर त्याच कडेला फट दिसू लागते. दार तेच, चौकट तीच. बदलते ती हवा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा, त्यामुळे येथील हवा वर्षातील बराच काळ दमट असते. आता असे समजू, की येथील वखारीतील सागाच्या फळ्या नागपूरच्या एखाद्या शाळेत रंगमंचाच्या जमिनीसाठी नेल्या. तेथे त्यांचे काय होईल?

लाकडातील पाणी

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशीभित्तिकांत. पोकळीतील पाणी आधी जाते. त्याने वजन घटते, पण आकार बदलत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, की भित्तिकांतील पाणी जाऊ लागते. सेल्युलोजचे तंतू जवळ सरकतात आणि लाकूड आकसते. दमट हवेत याच्या उलट घडते. झाड तोडून शंभर वर्षे झाली तरी ही देवघेव थांबत नाही.

हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकडातील ओलावा कालांतराने सुमारे १८ टक्क्यांवर स्थिरावतो. ६५ टक्के असेल तर १२ वर आणि ३० टक्के असेल तर ६ वर. यालाच समतोल ओलावा म्हणतात.

लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. लांबीत होणारा फरक नगण्य असतो. वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने तो सर्वांत जास्त, तर त्रिज्येच्या दिशेने साधारण त्याच्या निम्मा असतो.

थोडे गणित

ओलाव्यातील दर १ टक्का बदलामागे साग स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ०.१९ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे ०.१० टक्के बदलतो. आपल्या फळ्यांत १६ टक्के ओलावा आहे आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो ६ टक्क्यांवर आला असे मानू. १० सेंटिमीटर रुंदीची फळी १.९ मिलिमीटरने आकसेल. अशा ३० फळ्यांच्या जमिनीत एकूण फट होईल ५७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सहा सेंटिमीटर!

मग मे महिन्यात पूर्ण सुकलेल्या फळ्या घट्ट ठोकून बसवल्या तर? तेही धोक्याचे. ऑगस्टमध्ये नागपूरची हवाही दमट होते. ओलावा ६ वरून १५ टक्क्यांपर्यंत चढला, तर त्याच जमिनीला सुमारे पाच सेंटिमीटर जास्त जागा लागेल. ती न मिळाल्यास फळ्या मध्येच उचलल्या जातील. वसईत हा चढउतार साधारण १२ ते १८ टक्के, तर नागपुरात ६ ते १५. कोरड्या प्रदेशात खरी अडचण कोरडेपणाची नसून ऋतूंमधील मोठ्या फरकाची आहे.

निवड आणि बसवणी

रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाला बाजारात हार्डवूड म्हणतात. हे नाव कठीणपणावरून नव्हे, झाडाच्या प्रकारावरून आले आहे. अतिशय मऊ असलेले बाल्साही हार्डवूडच. म्हणून नावापेक्षा आकसण्याचे प्रमाण पाहावे. अमेरिकेतील तांबडा ओक स्पर्शरेषेच्या दिशेने सागाच्या जवळजवळ दुप्पट हलतो. वलये फळीच्या रुंद पृष्ठाला काटकोनात येतील अशी कापलेली फळी घेतली तर हालचाल आणखी कमी होते. फळ्या अरुंद असल्या की एकच मोठी फट न पडता ती अनेक बारीक फटींत वाटली जाते.

लाकूड कोठे वापरायचे त्यानुसार त्यातील ओलावा ठरवावा लागतो. म्हणूनच आयएस २८७ हे भारतीय मानक हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग करते. फळ्या ज्या खोलीत बसवायच्या त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रचाव्यात. एका तुकड्याचे दर दोन दिवसांनी वजन करावे. ते स्थिर झाले की फळ्या तेथील हवेला सरावल्या. खालचे काँक्रीट पूर्ण वाळलेले असावे. शक्य तर अतिकोरडा आणि अतिदमट असे दोन्ही काळ टाळावेत. भिंतीलगत जागा मोकळी सोडून ती पट्टीने झाकावी. मोठ्या दालनात ही जागा हिशेब करूनच ठरवावी. व्हार्निशमुळे ओलाव्याची ये-जा मंदावते, पण बंद होत नाही.

वर्गात करून पाहा

लाकडाच्या तुकड्याचे वजन करा. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत तो सुकवा. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणा. ५८ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅम झाला, तर ओलावा १६ टक्के.

दुसरा प्रयोग वर्षभराचा आहे. वर्गाच्या लाकडी दाराची फट दर महिन्याला एकाच जागी मोजा आणि शेजारी हवेची आर्द्रता नोंदवा. दोन्हींचा आलेख काढला की विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्वतःच उमगेल. फट पडली की आपण सुताराला बोल लावतो. पण लाकूड कोठून आले आणि कोणत्या महिन्यात बसवले, हे त्याला विचारण्याची सवड आपण दिलेली असते का?