बंब वेगळा, बंबवाला वेगळा

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीवर स्फोट झाले आणि आग विझवण्यास गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. तो दिवस आपल्याकडे अग्निशामक दलाचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. मुंबईचा बंबवाला महापालिकेचा पगारी नोकर असतो. त्याच्यावर प्रसंग आलाच तर घरच्यांनी कोणाच्या दारात जायचे हे निदान ठरलेले असते. परंतु आग विझवणारा मनुष्य कोणाचाच नोकर नसेल तर? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने या प्रश्नाचे काढलेले उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

त्या राज्यात स्वयंसेवकांच्या अग्निशामक मंडळींची परंपरा फार जुनी. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात अशी एक मंडळी काढली होती. आजही तेथील बहुतेक दले स्वयंसेवकांचीच आहेत. एरवी कोणी दुकान चालवतो, कोणी शाळेत शिकवतो. आगीची वर्दी आली की हातचे काम टाकून निघायचे. पगार नाही.

अशी मंडळी जेवणावळी, जत्रा, सोडती करून पैसा उभा करते. अडचण अशी की जमलेला पैसा बंबाकडे धावतो. नवा बंब साऱ्या गावाला दिसतो. भाजलेल्या माणसाच्या घरातली चूल पेटते की नाही, हे कोणाला दिसत नाही. म्हणून तेथील कायद्याने मंडळीच्या शेजारी दुसरी संस्था मानली आहे, ती म्हणजे मदत संघ. माणसे पुष्कळदा तीच असतात, पण संस्था वेगळी, पदाधिकारी वेगळे निवडायचे, बँकेतले खाते वेगळे. १९६८ साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि २०१० साली त्याची नव्याने मांडणी झाली.

पैसा येतो तो विम्यातून. राज्याबाहेर नोंदलेल्या विमा कंपन्या पेनसिल्व्हेनियात आगीच्या विम्याचे जे हप्ते गोळा करतात, त्यांवर २ टक्के कर असतो. कायदा या कंपन्यांना 'परकी' म्हणतो. शेजारच्या न्यूयॉर्कची कंपनीही त्या हिशेबाने परकीच! हा पैसा निम्मा लोकसंख्येच्या आणि निम्मा घरा-जमिनींच्या बाजारभावाच्या प्रमाणात गावोगाव वाटला जातो. तो प्रथम नगरपालिकेच्या हाती पडतो, पण तिने ६० दिवसांच्या आत संघाकडे पोचवायचा असतो. या बाबतीत नगरपालिका म्हणजे केवळ टपालवाला. वाटणीची ही रीत मात्र मला पुरती पटत नाही. विरळ वस्तीच्या, स्वस्त जमिनीच्या खेड्याला त्यात थोडेच मिळणार, आणि तिथल्या स्वयंसेवकाला लागणारी आग काही कमी दाहक नसते.

संघ काय करतो? सभासदांचा अपघाती विमा उतरवतो. जखमीची औषधपाण्याची बिले भरतो; कृत्रिम अवयव, चाकांची खुर्ची, कुबड्या घेऊन देतो. सेवेत आलेल्या अपंगत्वामुळे घर अडचणीत आले तर कुटुंबाला रोख रक्कम देता येते. जुना धंदा करता येईनासा झाला तर दुसरा शिकवण्याच्या खर्चाला हातभार लावता येतो. आजारी सभासदाला भेटायला जाण्याचा प्रवासखर्च आणि सहानुभूतीची लहानशी भेट यांचीही सोय कायद्यात आहे. कायद्याच्या कोरड्या कलमांत ही बाब वाचून बरे वाटले.

संरक्षक पोशाख, श्वसनयंत्रे आणि प्रशिक्षण यांवरही संघाला खर्च करता येतो. हे कुटुंबाच्या वाट्याचे नव्हे, असे कोणी म्हणेल. पण या कामातला धोका ज्वाळेपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचे कामच कर्करोगाला कारणीभूत ठरते असा निर्वाळा दिला. धुरातून छातीत जाणारे आणि कपड्यांवर बसून घरापर्यंत येणारे विष पुष्कळ वर्षांनी उमटते. चांगला मुखवटा ही त्या माणसाच्या बायकापोरांना आधीच दिलेली मदत आहे, असे मी म्हणेन.

बंब मात्र या पैशातून घेऊन देता येत नाही. मंडळीला तो हवाच असेल तर संघाने तारण ठेवून, किमान ३ टक्के व्याजाने कर्ज द्यावे, आणि ते वसूल करावे. एकाच गावातल्या, एकाच बाकावर बसणाऱ्या मित्रांनी एकमेकांना व्याज लावायचे हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण ही भिंत काढली की सारा पैसा पुन्हा चाकांखाली जाईल. पैसे काढताना किमान दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, खजिनदाराला हमी द्यावी लागते. हिशेब तपासतो तो राज्याचा महालेखापरीक्षक, आणि त्याचे अहवाल कोणालाही वाचता येतात. त्यांत हरवलेल्या पावत्या सापडतात, भलत्या कामावर केलेले खर्च सापडतात, क्वचित सरळ अफरातफरही सापडते. मग रक्कम संघाच्या खात्यात परत भरावी लागते. दोष सुधारले नाहीत तर पुढची मदत अडवली जाऊ शकते.